डोंगर बोलतो म्हण

सरांनी माझ्या पोरीची पाटी दगडावर आपटून फोडली. दसरा होता. समोर कॉलेजची वीस-बावीस मुलंमुली बसली होती. पाटी फुटली तशी त्यांनी टाळ्या वाजवल्या.

पाटी मीच सरांच्या हातात दिली होती. शाळेत दसऱ्याला पाटीपूजन असतं. एकाचे आकडे जोडून पाटीवर सरस्वती काढायची, हळदकुंकू वाहायचं, वर आपट्याचं पान ठेवायचं. माझी पोरगी सोमी तेव्हा दुसरीत होती. तिला सरस्वती नीट जमत नव्हती, पाय वाकडे यायचे. मला वाटलं, ज्याच्या घरात आपण राबतो तो माणूस मुंबईच्या कॉलेजात इंग्रजी शिकवतो. त्याच्या हातची सरस्वती असली तर पोरीला विद्या लागेल. मी पाटी ओल्या फडक्याने पुसली, पेन्सिल वर ठेवली आणि म्हटलं, "सर, पोरीला सरस्वती काढून द्या."

सर उठून उभे राहिले. पाटी वर धरून मुलांना दाखवली. म्हणाले, "बघा. या मुलीकडे अख्खं आकाश आहे. आणि आपण तिला काय देतो? ही एवढीशी काळी चौकट."

मग आपटली.

तुकडे पायरीपर्यंत उडाले. एक सोमीच्या नडगीला लागला. रक्त आलं. ती रडली नाही. तिने आधी माझ्याकडे बघितलं.

मी हसले. हो, हसले. एवढी शिकलेली माणसं टाळ्या वाजवत होती. मला वाटलं, काही तरी चांगलंच झालं असेल आणि ते आपल्याला कळलं नसेल. मग केरसुणी आणली आणि तुकडे गोळा केले.

आम्ही कातकरी. आमची वाडी नेऱ्याच्या पुढे, डोंगराच्या अंगाला. मी चौथी शिकले. वाडीत तेवढी शिकलेली बाई मी एकटीच होते. नवरा कोळशाच्या भट्टीवर जायचा. दिवाळी झाली की निघायचा तो पावसाच्या तोंडाला परत यायचा. थोरला मुलगा वारला होता. राहिली सोमी.

सरांनी आमच्या बाजूला जमीन घेतली ती नव्वद सालाच्या थोडं आधी. तेव्हा पनवेलच्या आसपास मुंबईची माणसं गाड्या घेऊन जागा बघत फिरायची. कुणाला आमराई हवी, कुणाला नदीकाठ. सरांना डोंगर समोर हवा होता. त्यांनी घर बांधलं. भिंती सिमेंटच्या, पण वरून मातीचा गिलावा करून घेतला, आमच्या झोपडीसारखं दिसावं म्हणून. तो गिलावा पावसात धुऊन जायचा. दर दिवाळीला मी पुन्हा लावायचे. कुंपणाच्या आत, कोपऱ्यात, आम्हाला झोपडी घालायला जागा दिली. झाडलोट, पाणी, भाकऱ्या, पाहुण्यांचं सगळं माझ्याकडे. गेटवर एक वॉचमन होता, तो बाहेरचा.

सरांची बायको मुंबईला असायची. मुलगा इंग्रजी शाळेत. सर शनिवारी येत आणि महिन्यातून एकदा कॉलेजची मुलं घेऊन येत. शिबिर म्हणायचे त्याला. सकाळी डोंगराकडे बघत बसायचं, दुपारी सर बोलायचे, संध्याकाळी मुलांनी कविता लिहून वाचायच्या.

सरांचा विषय रोमँटिक कविता. चहाचा ट्रे धरून मी खांबाला टेकून ऐकायचे. ऐकून ऐकून मला कळलं ते असं. दोनशे वर्षांपूर्वी विलायतेत काही कवी झाले. तिकडे कारखाने आले, धूर आला, माणसं यंत्रासारखी झाली. ते कवी शहराला विटले. ते म्हणू लागले, निसर्ग हाच गुरू. शेतातला, रानातला माणूस साधं बोलतो, त्यातच खरी कविता. लहान मूल सगळ्यांत शहाणं, कारण त्याला अजून कुणी काही शिकवलेलं नसतं. आणि माणसाच्या मनात एक ताकद असते. सर तिला कधी कल्पनाशक्ती म्हणायचे, कधी इमॅजिनेशन. डोळा समोर असेल तेवढंच घेतो. ही ताकद त्यातून दुसरं जग उभं करते. ती ज्याच्यात जिवंत, त्याला डोंगर नुसता डोंगर दिसत नाही. डोंगर त्याच्याशी बोलतो.

खोटं कशाला सांगू, मला ते आवडायचं. पनवेलच्या बाजारात मी सुकी लाकडं घेऊन बसायचे तेव्हा बायका माझं बोलणं ऐकून तोंडाला पदर लावून हसायच्या. इथे एक प्रोफेसर सांगत होता की आमच्या बोलण्यात कविता आहे. हातातला ट्रे जड व्हायचा, तरी मी तिथून हलत नव्हते.

पण त्यांचा डोंगर आणि माझा डोंगर एक नव्हता. माझ्या डोंगरात कडूकंद मिळतो. तो राख घालून, पाणी बदलून बदलून उकडावा लागतो, नाही तर घसा सुजतो. माझ्या डोंगरात फॉरेस्टचा गार्ड असतो. मोळी दिसली की कोयता काढून घेतो आणि त्याच मोळीतलं लाकूड ओढून ढुंगणावर मारतो. आणि माझ्या डोंगरात फुरसं असतं. थोरल्याला फुरसं चावलं तेव्हा तो चार वर्षांचा होता. पाठीवर घेऊन मी पळाले. नेऱ्यापर्यंत आले तेव्हा नाकातून, हिरड्यांतून रक्त येत होतं. पनवेलच्या एस.टी.ची वाट बघत असताना तो माझ्या पाठीवरच गार झाला.

एकदा सरांनी मुलांना स्वतःची कविता वाचून दाखवली. तिच्यात डोंगर म्हणजे आईची मांडी होता. वाचून झाल्यावर त्यांनी मला पुढे बोलावलं.

"या बाईचा मुलगा याच डोंगरात गेला," ते मुलांना म्हणाले. मग मला विचारलं, "तो तुला झाडात दिसतो का गं? वाऱ्यात ऐकू येतो?"

"नाय सर."

"नीट आठव. कधी तरी."

"नाय दिसत. त्याला पुरलाय."

मुलं खाली बघू लागली. सर हळू आवाजात त्यांना म्हणाले, "किती सहज स्वीकार आहे बघा. मृत्यूसुद्धा हिला निसर्गाची कूसच वाटते." एका मुलीने ते वहीत लिहून घेतलं. मी असं काही म्हटलं नव्हतं. त्या मुलाला पुरताना मी खड्ड्यात उतरले होते आणि वर येत नव्हते. चार बायांनी मला केसाला धरून वर ओढलं होतं. ते सांगायला तोंड उघडलं, तर सर म्हणाले, "जा, चहा आण."

तर दसऱ्याला पाटी फुटली. संध्याकाळी मुलं गाडीत बसून गेली आणि सरांनी मला व्हरांड्यात बोलावलं.

"हिला शाळेत घालून मारू नकोस," ते म्हणाले. "शाळा म्हणजे तुरुंग. तिथे चार भिंतींत हिच्यातलं सगळं संपेल. मी आयुष्यभर मुलांना शिकवतोय, मला माहीत आहे. ही निसर्गाचं लेकरू आहे. राहू दे तिला तसंच."

नवरा तेव्हा घरी होता. तो म्हणाला, "सर सांगतात तर नको धाडू. त्यांना जास्त कळतं."

मीही तेच म्हटलं. हे मी लपवणार नाही. ज्याने एवढी पुस्तकं वाचली तो पुस्तकं वाईट म्हणतो, म्हणजे खरंच काही असेल. आमच्यासारख्याच माणसाची अशी चूक होते. ज्याच्या घरात चार पिढ्या वाचत आल्या, तो असल्या बोलण्याला हसून पुढे जातो. आम्हाला अक्षराची इतकी भीती आणि इतका मान की अक्षरवाला जे बोलेल ते खरं.

माझी नणंद चांगी कधी शाळेत गेली नव्हती. तिला हे पटलं नाही. नदीवर भांडी घासताना म्हणाली, "वयनी, सरांचा पोरगा कुठं हाय गं?"

"मुंबईला. शाळेत."

"इंग्रजी ना?"

"हां."

"मग त्याची पाटी नाय फोडली ती?"

"गप बस. तुला काय कळतं त्यातलं."

"मला नाय कळत," ती म्हणाली. "तू चौथी शिकलीस. तुला कळूं दे." आणि टोपातलं काळं पाणी माझ्या पायांवर ओतलं.

दिवाळीनंतर नवरा भट्टीवर गेला. सोमीची शाळा बंद झाली आणि तिचं दुसरं काम सुरू झालं. शिबिराच्या दिवशी तिने अंगणातल्या मोठ्या दगडावर बसायचं. अनवाणी. केसांना तेल नाही, वेणी नाही. शाळेचा निळा स्कर्ट सरांनी काढायला लावला. माझ्या जुन्या लुगड्याचा तुकडा कमरेला गुंडाळायला दिला. हातात एखादी फांदी, फुलं, मिळाली तर रानातली फळं. मुलं समोर अर्धगोल बसून तिच्याकडे बघत आणि वहीत लिहीत. एकजण चित्र काढायचा. तिला हलू द्यायचे नाहीत. थंडीत ती कुडकुडायची, तर सर म्हणायचे, "या मुलांना थंडी वाजत नाही." मी स्वेटर घातलेल्या मुलांना गरम चहा वाटत असायचे.

एका मुलाने तिला विचारलं, "हा डोंगर तुला काय सांगतो?"

सोमी म्हणाली, "डोंगर नाय बोलत."

"मग तिथे काय आहे?"

"लाकडं हायत. माकडं हायत. गार्ड हाय."

सगळे हसले. सरही हसले, पण जेवणं झाल्यावर त्यांनी आम्हा दोघींना आत बोलावलं. होळीच्या आधी मोठा कार्यक्रम होता. मुंबईहून मोठे प्रोफेसर येणार होते, टेपरेकॉर्डर लावून सगळं घेणार होते. सरांना या विषयावर पुस्तक लिहायचं होतं आणि त्यात सोमी असणार होती. त्यांनी एका कागदावर चार वाक्यं लिहून मला दिली. म्हणाले, "ही हिच्या मनातलीच आहेत. फक्त तिला सांगता येत नाहीत. तू पाठ करून घे."

डोंगर माझ्याशी बोलतो. झाड माझी बहीण हाय. पाऊस माझा गुरुजी हाय. मला शाळा नको.

शाळेत दोन वर्षं काढून सोमी 'आहे' म्हणायला लागली होती. कागदावर 'हाय' होतं, तरी मीही तिला 'आहे'च सांगितलं होतं. सरांनी सुधारलं. "आहे नको. हाय म्हण. तुमच्या भाषेत." पोर गोंधळायची. गुरुजींनी हाय म्हटल्यावर हातावर पट्टी मारली होती, आता आहे म्हटल्यावर सर कान पिळत होते.

रोज दुपारी झोपडीच्या मागे मी तिला उभी करायचे. तिसरं वाक्य यायचं, चौथं यायचं, दुसरंही यायचं. पहिलं वाक्य तिच्या तोंडातून निघत नव्हतं.

"डोंगर बोलतो म्हण."

"नाय बोलत."

"म्हण."

"आये, पण नाय बोलत तो."

सर शनिवारी विचारायचे, झालं का पाठ? नाही म्हटलं की म्हणायचे, "बघ बाई. नाही तर मला वाडीतली दुसरी मुलगी बघावी लागेल. मग तुम्हीही इथे राहून काय करणार." आवाज चढवत नव्हते. दाढी कुरवाळत बोलायचे.

मी निर्गुडीची ओली फोक तोडली. पानं ओरबाडून काढली. आणि तिच्या पोटऱ्यांवर मारली.

"डोंगर बोलतो म्हण."

"नाय."

पुन्हा मारली. कातडी फुगून वर आली. ती उड्या मारत होती, पळत नव्हती. पळाली असती तर मी थांबले असते कदाचित. फोक मोडली, मी दुसरी तोडली. हात थांबत नव्हता. मला आठवतंय, मारताना मी ओरडत होते, "बोलतो म्हण, बोलतो म्हण," आणि समोर तो डोंगर होता, उन्हात तापलेला, गप. माझा एक मुलगा त्याने खाल्ला होता आणि आता त्याच्यासाठी मी दुसरं लेकरू सोलत होते.

शेवटी ती म्हणाली, "बोलतो. बोलतो गं आये. डोंगर बोलतो."

मी फोक टाकली. तिच्या पोटऱ्यांना राख लावली. सरांनी शनिवारी वळ बघितले. काही विचारलं नाही. म्हणाले, "कार्यक्रमाला लुगडं जरा खाली नेसव."

होळीच्या आधीचा रविवार. अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. पाच-सहा प्रोफेसर, दोन बायका, बाकी कॉलेजची मुलं. सरांची बायकोही आली होती. टेपरेकॉर्डर स्टुलावर. सर पांढरा सदरा घालून तासभर बोलले. निसर्ग, बालपण, कल्पनाशक्ती. म्हणाले, विलायतेतल्या कवींनी ज्या मुलाचं स्वप्न बघितलं ते मूल पनवेलपासून थोड्याच अंतरावर जिवंत आहे, अजून कुणी बिघडवलेलं नाही. मग सोमीला दगडावर बसवलं.

ती चारही वाक्यं बरोबर बोलली. एक शब्द चुकली नाही. लोक मान हलवत होते. एका म्हाताऱ्या प्रोफेसराच्या डोळ्यांत पाणी आलं.

पाहुण्यांतली एक बाई होती, पिकल्या केसांची. ती खुर्ची सोडून सोमीजवळ आली, खाली बसली आणि प्रेमाने विचारलं, "डोंगर काय बोलतो गं बाळ तुझ्याशी?"

हे पाठ करून घेतलं नव्हतं. सोमी माझ्याकडे बघू लागली. मी खाली बघितलं.

"सांग ना. मला नाही ऐकू येत, म्हणून विचारते."

सोमी म्हणाली, "मला पन नाय ऐकू येत. सरांनी सांगितलंय तसं म्हणायला. नाय म्हटलं तर आये मारते." आणि लुगडं वर करून तिने पोटऱ्या दाखवल्या.

कुणी हसलं. कुणी हसणाऱ्याला गप केलं. सरांचं तोंड क्षणभर पांढरं पडलं, पण ते सावरले. म्हणाले, "हीच तर शोकांतिका. दोन वर्षं शाळेत गेली, तेवढ्यात कल्पनाशक्ती मेली. आणि आईवडिलांची मारहाण, ती तर या समाजात आहेच. चला, जेवण तयार आहे."

मी मागच्या चुलीकडे गेले. तवा ठेवला होता, भाकऱ्या राहिल्या होत्या. सोमी माझ्यामागे आली. तिच्यामागे सर आले. त्यांनी दार लोटून घेतलं.

त्यांनी तिच्या कानाखाली मारली. ती भिंतीवर गेली, परत आली, तशी दुसरी मारली. मग केस धरले आणि डोकं पाण्याच्या पिंपावर आपटलं. एकदा. पिंपाचा आवाज झाला तेवढा तिचा झाला नाही.

"माकडीण साली," ते दात आवळून म्हणाले. "सगळ्यांसमोर माझी शोभा केलीस."

सोमीच्या डाव्या कानातून रक्त आलं. मानेवरून खाली आलं. ती माझ्याकडे बघत होती. दसऱ्याला बघितलं होतं तशीच, मी आता काय करते ते बघत होती.

सरांनी केस अजून सोडले नव्हते. हात पुन्हा मागे नेला.

मी चुलीतलं लाकूड ओढलं. खैराचं होतं, टोक लाल झालेलं. त्यांच्या मनगटावर मारलं. त्यांनी केस सोडले. मी पुन्हा मारलं, त्याच हातावर. निखारे उडाले. सदऱ्याची बाही पेटली. ते किंचाळले आणि हात पिंपात घातला. मी तिसरं खांद्यावर मारलं. मला थांबायचं नव्हतं. त्यांनी दार उघडून बाहेर धाव घेतली म्हणून ते वाचले. मी लाकूड घेऊन त्यांच्यामागे अंगणात गेले.

सगळे उभे राहिले. सरांची बायको ओरडली, "धरा तिला." वॉचमनने मागून येऊन माझ्या पाठीत काठी घातली. मी गुडघ्यावर पडले. त्याने अजून दोन घातल्या. लाकूड माझ्या हातातून गेलं. तो मला अजून मारणार होता, पण सरांनी भाजलेला हात वर करून त्याला थांबवलं.

वाटलं, आता शिव्या देतील. पोलिसात द्या म्हणतील. पण समोर पाहुणे होते, टेपरेकॉर्डर चालू होता. सरांनी श्वास घेतला. हाताची कातडी लोंबत होती. ते पाहुण्यांना म्हणाले, "तिला मारू नका. तिचा दोष नाही. निसर्गाचं दुसरं रूप हे असंच असतं. नदीला पूर येतो, डोंगरात वणवा लागतो. त्याला कारण नसतं."

आणि मी बघितलं, दोघा-तिघांनी मान हलवली. एका मुलाने वही उघडली.

माझा मुलगा मेला ते त्यांनी निसर्गाच्या नावावर घातलं होतं. पोरीची शाळा त्यांनी निसर्गाच्या नावावर बंद केली. आता माझा रागसुद्धा ते माझ्याकडून काढून घेत होते.

मी उठले. पाठ वाकत नव्हती. म्हटलं, "कारण हाय."

"शांत हो बाई," ती पिकल्या केसांची बाई म्हणाली.

"मी शांत हाय. लिहून घ्या तुमी. तुमी लिहिता ना सगळं, हे पन लिहा. मी नदी नाय. वणवा नाय. मी बाई हाय. ह्या माणसाने माझ्या पोरीची पाटी फोडली. तिची शाळा बंद केली. आता आत नेऊन तिचा कान फोडला. म्हणून मी त्याला भाजला. समजून भाजला. परत तिला हात लावला तर परत भाजीन."

कुणी लिहिलं नाही. स्टुलाजवळच्या मुलाने हळूच बटण दाबून टेप बंद केला. सोमी दारात उभी होती, मानेवरचं रक्त पुसत. तिच्याकडे बघायला कुणी तयार नव्हतं. एक प्रोफेसर दुसऱ्याला म्हणाला, "एवढी हिंसा," आणि ते माझ्याकडे बघत म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉचमन आणि दोन माणसं पहारी घेऊन आली. झोपडी पाडली. भांडी कुंपणाबाहेर फेकली. पोलिसात सर गेले नाहीत, त्यांना पोरीचा कान पोलिसांना दाखवायचा नव्हता. मी पनवेलच्या सरकारी दवाखान्यात तिला नेलं. डॉक्टरने बॅटरी लावून बघितलं. पडदा फाटलाय म्हणाला. या कानाने ऐकू येणार नाही.

मग वाडीत परतले. चांगीने आम्हाला घरात घेतलं. सोमीचा कान बघितला. मला म्हणाली, "फोक तुझी होती ना? पोटऱ्यांवरची?"

"माझी."

"तुला पन एक लाकूड लागलं पायजे."

"घाल," मी म्हटलं.

तिने घातलं नाही. भाकरी दिली.

त्या आठवड्यात सोमीला घेऊन मी शाळेत गेले. गुरुजी व्हरांड्यात हजेरीचं रजिस्टर उघडून बसले होते. म्हातारे होते, वाईट नव्हते. म्हणाले, "नाव कमी केलंय. पाच महिने झाले."

"परत घाला."

"असं नाही होत. तूच लिहून दिलंस."

त्यांनी कपाटातून कागद काढून माझ्यासमोर धरला. तो कागद मी विसरले होते. विसरले कसली, मनातून काढून टाकला होता. दिवाळीच्या आधी सरांनी लिहून आणला होता. माझ्या मुलीस शाळेत पाठवण्याची माझी इच्छा नाही. तिचे नाव कमी करावे. सर म्हणाले होते, अंगठा चालेल. मी म्हटलं होतं, अंगठा कशाला, मला सही येते. आणि पेन घेऊन ऐटीत सही केली होती. चौथीपर्यंत शिकले त्याचा आयुष्यात तेवढाच उपयोग केला होता. पोरीचं नाव काढायला.

"सही तुझीच ना?" गुरुजींनी विचारलं.

"माझीच."

"वाचून केलीस?"

"वाचून केली."

"मग आता पुढच्या वर्षी ये. परीक्षा तोंडावर आली. वर साहेबांना विचारावं लागेल. आणि हिला एका कानाने ऐकू येत नाही म्हणतेस, तर..."

"गुरुजी," मी म्हटलं, "दुसरा कान हाय तिला."

मी सोमीला वर्गाच्या दारातून आत ढकललं. ती दुसरीच्या पोरांत जाऊन बसली. मी शाळेच्या पायरीवर बसले. गुरुजी म्हणाले, असं बसता येणार नाही. मी म्हटलं, येतं, बघा बसले. त्यांनी पोलीस पाटलाला बोलावलं. तो आला, ओरडला, माझा दंड धरला. मी त्याच्या हाताला चावले. तो रक्त झटकत मागे सरला. म्हणाला, "कातकरीण पिसाळलीय."

"पिसाळले नाय. नाव लिहा, मग उठते."

दुपार झाली. पोरं घरी गेली, मी सोमीला तिथेच माझ्याजवळ बसवलं. रात्र पायरीवरच काढली आणि सकाळी तिला परत वर्गात घातली. गुरुजी रजिस्टर छातीशी धरून माझ्या बाजूने आत जायचे आणि बाहेर यायचे.

ती पुढे किती शिकली, काय झाली, हे लोक मला विचारतात. त्यांना ते ऐकून बरं वाटून घ्यायचं असतं. मी सांगत नाही. तिचा कान गेला तो गेला. फोक मी मारली ती मारली.

त्या पायरीवर बसून मी ठरवलं ते सांगते. ज्याला स्वतःला वाचता येतं आणि जो माझ्या लेकराला तू वाचू नकोस म्हणतो, तो माझा वैरी. मग तो शिवी देऊन म्हणो की कविता म्हणून म्हणो. त्याला मी कारण विचारणार नाही. त्याच्या पायरीला जाणार नाही, त्याची भाकरी भाजणार नाही. माझ्या वाडीत तो आला तर त्याला बसायला काही देणार नाही. आणि पोरांच्या अंगाला त्याने हात लावला, तर आज माझा हात थरथरतो, डोळ्याला कमी दिसतं, तरी तो हात मी तोडीन. शुद्धीवर राहून तोडीन आणि खाली माझं नाव लिहीन.